दोन महिने होत आले, गुडघा अजून गरमच!

सहकारनगरच्या ६७ वर्षांच्या काकू (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन सात आठवडे झालेले. सुनेबरोबर आल्या आणि खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, "ऑपरेशन फसलं का हो?" गुडघा संध्याकाळी सुजतो, हाताला गरम लागतो, रात्री ठणकतो. वर बहिणीचा दाखला होताच: "तिनं खुबा बदलला, महिन्याभरात घरात काठीशिवाय फिरायला लागली."

ही तुलनाच चुकीची. खुब्याचा सांधा जाड स्नायूंच्या आत असतो, गुडघा थेट कातडीखाली. शिवाय गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्मी ताकद जाते. त्यामुळे सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहू शकतो, सुधारणा वर्षभर चालू राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो, कारण कातडीचा एक बारीक मज्जातंतू छेदात कापला जातो. चालताना टक् टक् वाजतं, ते धातू प्लॅस्टिकवर टेकल्यामुळे. यातलं काहीच काकूंना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सर्जननी तपासलं. एक्स-रे ठीक, जखम कोरडी, जंतुसंसर्गाची लक्षणं नाहीत. अडचण दुसरीच निघाली. गुडघा ८५ अंशच वाकत होता (पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश) आणि सरळ व्हायला १० अंश कमी पडत होता. सुनेनं हौसेनं रोज रात्री गुडघ्याखाली मऊ उशी दिली होती! त्या उशीनं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. वाकणं थोडं कमी राहिलं तरी निभावतं. पूर्ण सरळ न होणारा पाय मात्र प्रत्येक पावलाला लंगडायला लावतो आणि मांडी लवकर थकते.

उशी त्या दिवसापासून बंद. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. वाकवण्यासाठी खुर्चीत बसून टाच गुळगुळीत फरशीवर मागे सरकवायची. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी घेतली की पाय सहज सरकतो. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी. काकू ती व्यायामानंतर घ्यायच्या, म्हणजे दुखण्याच्या भीतीनं व्यायाम अर्धाच व्हायचा. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. सर्जननी चार आठवड्यांची मुदत दिली: तोवर ९० अंशांपुढे गेलं नाही, तर भूल देऊन गुडघा वाकवायचा. तीन महिन्यांनंतर या उपायाचा फायदा कमी होत जातो, म्हणून त्यात चालढकल नको.

वेळ आली नाही. अकराव्या आठवड्यात १०२ अंश, पाय जवळजवळ सरळ. जिने सुरू झाले: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

मग खरी नाराजी बाहेर आली. "मांडी घालून पूजा कधी करता येईल?" कागद पाहिले तर ऑपरेशनच्या आधीच त्यांचा गुडघा १०० अंशांपर्यंतच वाकत होता. ऑपरेशननंतर किती वाकेल याचा सर्वांत चांगला अंदाज ऑपरेशनपूर्वीच्या वाकण्यावरूनच येतो. जिने-खुर्चीला ९० ते ११० अंश पुरतात. मांडी घालायला, उकिडवं बसायला १३० च्या वर लागतात. गुडघा बदललेल्या दहांतले एक-दोन जण पूर्ण समाधानी नसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची अपेक्षा अशी न बोलता राहून गेलेली असते. "मला कोणत्या गोष्टी पुन्हा करायच्या आहेत" हे कागदावर लिहून ऑपरेशनआधीच सर्जनपुढे ठेवावं.

काकू थोड्या हिरमुसल्या, हे खरं. देवघर भिंतीवर चढवून घेतलं, पूजा खुर्चीत बसून होते.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं मात्र घाईनं ठरवू नका, असं त्यांना सांगितलं आहे. आणि वाट न पाहता लगेच सर्जनला गाठायची कारणं फ्रिजवर लावून दिली आहेत: जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थेट इमर्जन्सीत.