दोन वह्या कर, पोरी

प्रिय पोरी,

लग्नाला साठ वर्षं होतात म्हणून आजी-आबाजींचं छोटं पुस्तक करायला घेतलंस आणि पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं. नाल्याकाठचं वावर आबाजी म्हणतात कापसाच्या पैशातून घेतलं, आजी म्हणते माझ्या पाटल्या अन् एकदाणी मोडून घेतलं. कोणाचं खरं मानू, असं विचारतेस. कोणाचंच मानू नको, कोणाचंच खोडू नको. दोन वह्या कर, एक तिची, एक त्यांची.

दोघांना एका बाजेवर बसवून विचारशील तर आबाजी बोलतील आणि आजी "हो ना बाप्पा" म्हणेल. तुझ्या पुस्तकात मग एकाच माणसाचं लग्न झालेलं दिसेल. आबाजी पारावर गेले की दुपारी आजीजवळ बस. ती डाळ निवडत असेल तर निवडू दे, हात चालू असले की तोंडही चालतं. फोन फ्लाइट मोडवर टाक, पंखा बंद कर, फोन बाजेवर ठेवू नको, करकर येते; घडी घातलेल्या लुगड्यावर ठेव. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघ. एका बैठकीला तासभर पुरे. त्याच संध्याकाळी फाईलला तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि विषय दे. "नवीन रेकॉर्डिंग ४७" अशा नावाखाली काय आहे ते पुढच्या वर्षी तुलाच कळणार नाही.

सन विचारू नको. सन त्यांना आठवत नाही आणि मग तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात. त्याऐवजी असं विचार. तुकडोजी महाराज गेले (१९६८) तेव्हा मोठा पोटात होता की रांगत होता? रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली त्या दुष्काळात (१९७२) वावर आपलं झालं होतं का? वर्धा नदीकाठच्या मोवाडला पूर आला त्या साली (१९९१) घरात कोणाचं लग्न होतं? पहिल्या बाळंतपणाला न्यायला माहेरून कोण आलं, बंडीने की एसटीने? बाळंतपणं क्रमाने विचार. आबाजी "चार लेकरं" म्हणतील. आजीला एकटीला, घाई न करता विचारलंस तर आकडा वाढू शकतो. वाढला तर तो तिच्या वहीत तिच्याच शब्दांत लिही आणि छापायचा की नाही ते तिलाच विचार.

आता कागद. घरात कुणाची तरी जात पडताळणीची फाईल असेलच. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा (प्रवेशाच्या नोंदवहीतला) आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल बहुधा तिथे आयती मिळेल. शाळेतली १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख मात्र गुरुजींची समज, आईची नव्हे. आणि बघ, त्या फाईलमध्ये आजी नसते, कारण ती बापाच्या वंशाची फाईल आहे. आजीसाठी तिच्या माहेरच्या गावाचं कोतवाल बुक काढावं लागेल, तेही तिच्या बापाच्या नावाने. नोंदीत नुसतं "मुलगी" असू शकतं आणि लग्नात नाव बदललेलं असतं. हा खटाटोप कोणी करत नाही, म्हणून घराण्याचे इतिहास अर्धे राहतात.

तिची भांडीही बघ. फळीवरचे गुंड, गंज, कोपर चिंचेने घास आणि अंधारात टॉर्च आडवा धरून वाच. कोणाकडून, कोणत्या तारखेला आलं ते ठोके मारून कोरलेलं असतं. लग्नपत्रिका हरवली असली तरी लग्नाची तारीख एखाद्या गुंडाच्या गळ्यावर सापडेल. फोटो काढून तो तिच्याच वहीत लाव.

वावराचा घोळ फेरफारात, म्हणजे जमिनीची मालकी बदलल्याच्या नोंदीत बघ. सातबाऱ्यावर गोलात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. त्यावरून गाव नमुना सहाची, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीतली, नोंद काढ, मग दुय्यम निबंधकाकडून खरेदीखताची नक्कल. किंमत आणि चतुःसीमा तर वाचच, पण साक्षीदार कोण ते आधी बघ. आजीच्या भावाचा अंगठा असला तर पैसा कुठून आला याचा तो माग आहे. पुरावा नाही, हे ध्यानात ठेव. तारीख कापूस विकून हाती पैसा येण्याच्या दिवसांतली निघाली तर ती आबाजींच्या बाजूने जाते. दोन्ही जुळलं तर दोघांचाही पैसा लागला असेल! तरी वह्या दोनच.

म्हाताऱ्या नवरा-बायकोत कळ लावण्याचा धंदा आहे हा, असं मला तोंडावर म्हणणारे आहेत. म्हणू देत. साठ वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसांचं वावराच्या हिशेबावरून काही मोडत नाही. मोडतं ते पुस्तक, तू दोघांच्या गोष्टी घोटून एक गोड गोष्ट केलीस तर. तुझ्या काकाला तशीच हवी असणार. त्याला पुस्तक छापून झाल्यावर दाखव.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जाशील तेव्हा आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे किंवा खसरा नंबर, दोन्ही लिहून ने. नुसत्या गट नंबरावर जुनं काही सापडत नाही आणि बाबू दुसऱ्या दिवशी या म्हणतो.