वेग पाण्याशी सापेक्ष हवा की जमिनीशी?

प्रश्न : आमच्या टो-बोटीवर (दोराने माणसाला पाण्यावरून ओढणारी बोट) वेकबोर्ड (फळीवर उभे राहून बोटीमागच्या लाटेवरचा खेळ) आणि स्लॅलम स्कीइंग (पाण्यातल्या बोयांना, म्हणजे तरंगत्या खुणांना, वळसे घालत जाणे) दोन्ही चालते. क्रूझ कंट्रोलला (वेग स्थिर ठेवणारा नियंत्रक) वेग कळतो तो तळाशी बसवलेल्या पॅडल व्हीलवरून, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या छोट्या चाकावरून. त्यात शेवाळ अडकले की वेग कमी दिसतो आणि यंत्रणा विनाकारण थ्रॉटल वाढवते. त्याऐवजी पिटो नळी (समोरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावरून वेग मोजणारी नळी) बसवावी की जीपीएस? आमच्या नदीला सौम्य प्रवाह आहे.

उत्तर : तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्ही अगदी शेवटी लिहिला आहे, तो म्हणजे प्रवाह. पॅडल व्हील आणि पिटो नळी बोटीचा पाण्याशी सापेक्ष वेग मोजतात, तर जीपीएस जमिनीशी सापेक्ष वेग मोजते. स्थिर पाण्यात या दोहोंत फरक नसतो. परंतु प्रवाह ताशी ३ किमी असेल आणि जीपीएसवर ३६ किमी वेग ठरवला असेल, तर वरच्या दिशेने जाताना पाण्यातला वेग ३९ आणि खालच्या दिशेने ३३ होतो. बोटीमागची लाट पाण्यातल्या वेगावर घडत असल्याने दोन फेऱ्यांत तिचा आकार बदलतो आणि वेकबोर्ड चालवणारा चालकाला दोष देतो. स्लॅलमचे गणित मात्र उलट आहे. तेथील बोये तळाशी नांगरलेले असतात आणि २५९ मीटरचे अंतर ताशी ५८ किमी वेगाने १६.०८ सेकंदांत पार व्हावे लागते, म्हणून तेथे जीपीएसच योग्य.

पिटो नळीत फिरणारा भाग नसतो, हे खरे; पण तिच्या तोंडाशी गाळ किंवा शेवाळ बसले की तीही वेग कमीच दाखवते, त्यामुळे तुमची मूळ तक्रार तशीच राहील. शिवाय तिच्यातला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ५८ किमीला तो सुमारे १३० किलोपास्कल असतो, तर १६ किमीला जेमतेम १०; त्यामुळे कमी वेगात दाबाच्या मापनातली लहानशी चूकही वेगात ठळक दिसते. केवळ शेवाळाला कंटाळून पिटोकडे वळण्यात मला तरी फायदा दिसत नाही.

जीपीएस घेताना ते सेकंदाला किती वेळा वेग कळवते, हे आधी विचारावे. स्कीअर बोयाला वळसा घालून परत फिरताना दोर जोरात ओढतो तेव्हा बोटीचा वेग क्षणार्धात घटतो. सेकंदाला एकदाच वेग कळवणारे उपकरण वापरल्यास तेवढ्या अवधीत बोट १६ मीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला १० नोंदी देणारे उपकरण असावे आणि तत्काळ दुरुस्तीसाठी नियंत्रकाने इंजिनाचे आरपीएमही (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वाचावे. निव्वळ आरपीएमवर मात्र विसंबता येत नाही, कारण दोन माणसे वाढली किंवा बॅलास्ट (लाट मोठी करण्यासाठी बोटीत घातलेले वजन) भरले की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत बोट हळू चालते.

तेव्हा जीपीएस बसवा, पण पॅडल व्हील काढू नका. नियंत्रकात दोहोंपैकी एक निवडण्याची सोय असेल, तर वेकबोर्डसाठी पॅडल व्हील आणि स्लॅलमसाठी जीपीएस वापरा. पॅडल व्हीलचे अंशांकन करताना (त्याचे वाचन खऱ्या वेगाशी जुळवताना) आरपीएम न बदलता दोन्ही दिशांनी एकेक फेरी मारावी आणि जीपीएसने दाखवलेल्या दोन वेगांची सरासरी धरावी, म्हणजे प्रवाहाचा परिणाम वजा होतो. अडकलेल्या चाकामुळे थ्रॉटल वाढत जाणे दोर धरलेल्या माणसासाठी धोक्याचे आहे. म्हणून नवे उपकरण येईपर्यंत, नियंत्रकात आरपीएमची कमाल मर्यादा ठरवता येत असेल तर ती आजच ठरवून ठेवा आणि बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी ते चाक बोटाने फिरवून पाहा.