१ लाख ८५ हजारांचा थर्मल कॅमेरा: आत्ता घ्यावा का?

प्रश्न: आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी राहतो. यजमान चंद्रपूरच्या एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहेत. आठवड्यातून चार दिवस रात्री साडेअकराला सुटतात आणि जंगलातल्या रस्त्यानं स्वतः गाडी चालवत घरी येतात. गेल्या डिसेंबरात रानडुक्कर आडवं आलं. त्यांना काही झालं नाही, पण दुरुस्तीचे ६२ हजार खिशातून गेले, कारण दोन वर्षांपासून गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता आहे. नागपूरच्या दुकानदारानं थर्मल नाईट व्हिजन कॅमेरा, स्क्रीन आणि फिटिंग मिळून १,८५,००० सांगितलेत. शिवणकाम आणि भिशीतून माझ्याकडे २,४०,००० साठले आहेत. त्यातून घेऊ, की ९,२३५ रुपयांच्या २४ हप्त्यांवर घेऊ? त्यांचा पगार ४६ हजार, माझी कमाई ९ हजार, घरखर्च ३८ हजार. मुली नऊ आणि सहा वर्षांच्या. एलआयसीची ५ लाखांची पॉलिसी आहे.

उत्तर: ताई, ‘गाडीचा आवाज येईपर्यंत डोळा लागत नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य वाचून मी थांबलो. म्हणून ‘ही उधळपट्टी आहे’ असं मी म्हणणार नाही. तुम्हाला यजमान सुखरूप घरी यायला हवे आहेत आणि त्यासाठी तुम्ही सुई-दोऱ्यातून जमवलेला पैसा काढायला निघाला आहात. तो पैसा त्याच कामाला लागावा, एवढंच मला पाहायचं आहे.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. अंगातून बाहेर पडणारी उष्णता तो टिपतो. मोटारीत तो पहिल्यांदा आला २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये, अमेरिकेत, तोही जादा पैसे मोजून. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी कारखान्यातून बसवून येतो तो मुख्यतः महागड्या गाड्यांतच. माझ्या एका अशिलानं आपल्या गाडीला असा कॅमेरा बाहेरून बसवून घेतला आहे. उमरेड-भिवापूर रस्त्यावर त्याच्या शेजारी बसून मी दोनदा रात्री फिरलो. जानेवारीत चितळांचा कळप शे-दीडशे मीटरवरून असा दिसला, जणू कुणी काळ्या पाटीवर खडूनं ठिपके दिले आहेत. हेडलाइटमध्ये तिथे नुसता काळोख होता. खरं सांगतो, अंगावर काटा आला. थोडं पुढे एक बैलगाडी होती. बैल पांढरेशुभ्र दिसले, गाडीचा सांगाडा मात्र स्क्रीनवर जवळजवळ नव्हताच.

मे महिन्यात त्याच रस्त्यानं गेलो, तेव्हा डांबर आणि कडेचे दगड रात्री दहालाही तापलेलेच होते. अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांत फरक उरला नाही की कॅमेऱ्याला वेगळं काढायला काही राहत नाही. कडेची बकरी आम्हाला स्क्रीनच्या आधी डोळ्यांनी दिसली. तुमच्या चंद्रपूरचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगावा!

तेव्हा हा कॅमेरा थंडीत रोही (नीलगाय), सांबर, डुक्कर, माणूस उत्तम दाखवेल. मागचे दिवे नसलेली, तासन् तास उभी राहून थंड झालेली ट्रॉली किंवा ट्रक आणि रस्त्यातले खड्डे यांची खात्री तो देत नाही. दाट धुक्यात आणि जोरदार पावसात त्याचीही नजर आखूड होते. शिवाय स्क्रीनकडे बघण्यासाठी रस्त्यावरची नजर काढावी लागते, आणि रात्रपाळी करून थकलेल्या माणसाला ते जड जातं.

आता अंतराचा हिशेब, कारण तुम्ही पैसे देऊन खरं तर अंतरच विकत घेणार आहात. ताशी ८० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरवर, काहीतरी दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण ७० मीटर जातात. ६० ला तेच ४५ मीटर होतात. लो बीमचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, उपयोगी उजेड पन्नासेक मीटरचा. म्हणजे ८० ला डुक्कर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, ६० ला गाडी थांबू शकते. चंद्रपूर ते मूल सुमारे ४५ किलोमीटर, या दोन वेगांत फरक पडतो अकरा मिनिटांचा. ही अकरा मिनिटं यजमानांकडून हक्कानं मागून घ्या. शक्य असेल तर सकाळच्या पाळीसाठी अर्जही करायला सांगा.

हप्त्यांबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. ९,२३५ गुणिले २४ म्हणजे २,२१,६४०. वरचे साडेछत्तीस हजार नुसतं व्याज, वर्षाला जवळपास १८ टक्के दरानं. आणि वस्तू अशी की गाडी विकताना तिचे पैसे कुणी मोजत नाही.

मग रोखीनं? तेही आज नाही, कारण तुमच्या घराला दोन मोठी भोकं आहेत आणि ती कॅमेऱ्यानं बुजत नाहीत.

पहिलं गाडीच्या विम्याचं. प्राणी आडवा येऊन झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत भरून मिळतं, थर्ड पार्टीत मिळत नाही. दोन वर्षांत हप्त्याचे जेवढे वाचवले त्याहून कितीतरी जास्त एका डुकरानं नेले. खंड पडल्यामुळे कंपनी गाडीची पाहणी करील, फोटो मागेल, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीही गेलेली असेल. तरी घ्या, याच आठवड्यात. ११ हजार धरू.

दुसरं भोक बोलायला अवघड आहे, पण तुम्ही रोज रात्री जे मनात आणता तेच मी मोठ्यानं बोलतो. उद्या यजमान परत आले नाहीत तर ५ लाखांत हे घर जेमतेम वर्षभर चालेल. मुलींना कमावत्या व्हायला अजून बारा-पंधरा वर्षं आहेत. यजमानांच्या नावानं ७५ लाखांचा शुद्ध टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, त्यासाठी वर्षाला १८ हजारांची तरतूद ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झाला आहे. एक कळकळीची विनंती: यजमान खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असतील तर फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा. हप्ता वाढू दे. लपवलं आणि पुढे दावा नाकारला गेला, तर भांडायला तुम्ही एकट्या असाल.

याशिवाय चार नवे टायर, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा बदलणं, दिव्यांचा झोत नीट लावून घेणं आणि ओरखडे पडलेल्या वायपरच्या पट्ट्या, यासाठी २६ हजार ठेवा. हा खर्च त्याच रात्रीपासून उपयोगी पडतो, आणि मे महिन्यातही.

तिन्ही मिळून ५५ हजार झाले. उरतात १,८५,०००, अगदी कॅमेऱ्याची किंमत! त्यांना हात लावू नका. घरखर्चाचे ते जेमतेम पाच महिने आहेत आणि तुमच्याकडे दुसरी गंगाजळी दिसत नाही.

कॅमेरा मात्र मी यादीतून काढत नाही. हप्ता म्हणून जे ९,२३५ द्यायला तुम्ही तयार होतात, तेच बँकेच्या आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत टाका. साडेसहा टक्के व्याज धरलं तर एकोणीस महिन्यांत १,८५,००० जमतात. दुकानदाराला चोवीस महिने द्यायचे होते. तोवर पाळी बदलली तर पैसे मुलींचे. नाही बदलली तर खुशाल कॅमेरा घ्या, मी अडवणार नाही.

घ्यायला जाल तेव्हा खिडकीच्या काचेचा एक तुकडा सोबत न्या. काचेआड हात धरून स्क्रीनवर बघा. खऱ्या थर्मलला साध्या काचेतून हाताची उष्णता दिसत नाही. हात स्वच्छ दिसला तर तो साधा इन्फ्रारेड दिव्याचा कॅमेरा आहे, तो काही हजारांत मिळतो. याच कारणानं काचेच्या आत, आरशामागे बसवायचा ‘थर्मल’ कुणी दाखवला तर उठून या. सेकंदाला किती चित्रं, हेही विचारा. नऊ असतील तर ६० च्या वेगात दोन चित्रांमध्ये गाडी जवळपास दोन मीटर पुढे गेलेली असते. पंचवीस तरी हवीत. आणि बसवल्यावर बिल विमा कंपनीला देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या. अशा जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास जादा हप्ता पडतो, म्हणजे वर्षाला ७,४०० आणखी धरा.

आज मात्र एवढं करा: आरसी बुक काढून गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघा. गाडीच्या विम्यासोबतचं सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाला, म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाला असतं. गाडी सासऱ्यांच्या नावावर असेल, तर चालवणाऱ्या यजमानांना त्यातला एक रुपयाही लागू होत नाही.