‘ओडोंटोमा’ला ‘दंतार्बुद’ म्हणावे का?

एका वाचकाची शंका अशी आहे : मुलीचा वरचा दात वेळेवर आला नाही म्हणून काढलेल्या क्ष-किरण चित्राच्या अहवालात ‘ओडोंटोमा’ असे लिहिले होते, कोशात त्याला ‘दंतार्बुद’ हा प्रतिशब्द सापडला आणि अर्बुद म्हणजे कर्करोगच, या समजुतीने घरातल्यांची झोप उडाली, तर हा प्रतिशब्द योग्य आहे का?

घडण म्हणून तो चोख आहे. ग्रीकमधील ‘ओडोन्त’ म्हणजे दात आणि ‘ओमा’ हा वैद्यकात गाठीसाठी रुळलेला प्रत्यय. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६७ मध्ये हे नाव दिले तेव्हा दाताच्या ऊतींपासून होणाऱ्या सगळ्याच गाठी त्यात येत; पुढे अर्थ आकसला. आज ओडोंटोमा म्हणजे इनॅमल, डेंटीन वगैरे दाताचेच घटक भलत्या रीतीने जमून झालेला कठीण गोळा, ज्यात कधीकधी चिमुकले दातही असतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २०१४ मध्ये एका मुलाच्या जबड्यातून असे २३२ दात काढले गेले होते.

घोटाळा ‘अर्बुद’पाशी होतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन गोल, स्थिर, मंद वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची वाढ असे आहे. (आपली ‘गाठ’ ज्या ‘ग्रंथि’वरून आली, तो त्याच अध्यायात वेगळा विकार आहे.) गंमत म्हणजे हे वर्णन ओडोंटोमापेक्षा ॲमेलोब्लास्टोमा या दात घडवणाऱ्या ऊतींपासूनच होणाऱ्या दुसऱ्या गाठीला अधिक शोभते. ही गाठही सहसा कर्करोगाची नसते, पण ती जबड्याचे हाड पोखरत पसरते, नुसती खरवडली तर पुन्हा उद्भवते, म्हणून तुकडा तपासून निदान पक्के झाल्यावर बहुधा भोवतालच्या निरोगी हाडासह काढावी लागते. ओडोंटोमा मात्र पुष्कळदा चित्रातच ओळखू येतो, वाढीतला दोष मानला जातो आणि एकदा काढला की सहसा परतत नाही; अडलेला दात मग आपोआप किंवा तारांच्या मदतीने खाली आणता येतो.

म्हणून दोन्हींना ‘दंतार्बुद’ म्हणणे मला गैरसोयीचे वाटते. पाणी भरलेल्या पिशवीसारख्या सिस्टला ‘पुटी’ हा स्वतंत्र शब्द आहेच. ॲमेलोब्लास्टोमा तसाच ठेवावा, आणि ओडोंटोमाला शास्त्रीय लेखनात ‘सौम्य दंतार्बुद’ (सौम्य म्हणजे कर्करोग नसलेले) व घरी सांगताना ‘दाताची गाठ’ म्हणावे. ‘सौम्य’ हे विशेषण तेवढे गाळू नये.