परतीचा एक दिवस मोकळा ठेवा

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही चौघे उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणार आहोत. हेमकुंडचा गुरुद्वारा, बद्रीनाथ आणि दिल्लीहून नागपूरची गाडी, हे सारे शेवटच्या तीन दिवसांत बसेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बसवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. या वाटेच्या पायथ्याचे गोविंदघाट ते ऋषिकेश हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असून पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता कित्येक तास, प्रसंगी दिवसभरही बंद राहतो; म्हणून आरक्षित गाडीच्या तारखेआधी एक पूर्ण दिवस रिकामा सोडावा. बद्रीनाथ गोविंदघाटापासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे, पण दिवस कमी पडल्यास तेच गाळावे.

वाटेवरच्या मुक्कामाच्या घांघरिया गावाहून हेमकुंड पहाटे निघून त्याच दिवशी करावे, कारण ते चार हजार मीटरहून उंच आहे आणि वर मुक्काम करता येत नाही. खरी कसोटी उतारावर लागते. आदल्या रात्री पायांची नखे कापावीत आणि उतरण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी, म्हणजे पाऊल पुढे सरकून अंगठा बुटावर आदळत नाही. नागपूरच्या सपाटीवर सराव केलेल्यांचे गुडघे इथेच बोलू लागतात, तेव्हा काठी अवश्य न्यावी.