सहकारी साखर कारखाना टिकेल का, हे सभासदाने कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की वार्षिक अहवालात नफा दिसतो, संचालकांनी स्वॉट विश्लेषणही (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांचा तक्ता) छापलंय, मग कारखाना टिकेल आणि शेजारच्यांच्या बरोबरीने चालेल असं मानायचं का? एवढ्यावरून मानू नका. स्वॉटच्या तक्त्यात ज्याला जे वाटतं ते तो लिहितो. मागच्या पाच वर्षांचे अहवाल मिळवा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा.

आधी गाळपाचे दिवस. समजा, क्षमता रोज ५,००० टन आणि पगार, व्याज, घसारा मिळून स्थिर खर्च ४० कोटी. १५० दिवस गाळप झालं तर टनामागे ५३३ रुपये पडतात, १०० दिवसांत आटोपलं तर ८००. ऊस न वाढवता क्षमता वाढवणारे कारखाने इथेच अडकतात.

मग उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५% उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. उतारा घटला की ती उतरते, पण ३२९.०५ वर थांबते. त्यामुळे ९.५% च्या खालची सगळी घट कारखान्याच्याच अंगावर येते, एका टक्क्याला टनामागे १० किलो साखर. बी-हेवी मळी (पूर्ण साखर काढून न घेतलेली मळी) इथेनॉलला गेली असेल तर मात्र वळवलेली साखर मिळवूनच तुलना करा, नाहीतर चांगला कारखानाही वाईट दिसेल.

ताळेबंदात भाग भांडवल आणि राखीव निधीतून संचित तोटा वजा करा. उत्तर उणे आलं तर नफ्याच्या आकड्यावर विसंबू नका. ३१ मार्चचा साखरसाठा कोणत्या दराने धरलाय तेही बघा. पाच लाख क्विंटलवर बाजारभावापेक्षा १०० रुपये जास्त धरले की ५ कोटींचा नफा नुसता कागदावर उभा राहतो. तोडणी मुकादमांकडे (ऊसतोड मजूर पुरवणाऱ्यांकडे) अडकलेली जुनी उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षं तशीच असेल आणि तरतूद नसेल, तर तीही वजा करा. ही नोंद मी सगळ्यात आधी शोधतो, कारण सभेत तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही.

स्पर्धेसाठी जाहीर दर नको, हातात पडलेला दर बघा. तोडणी-वाहतूक एफआरपीतूनच कापली जाते, म्हणून लांबचा ऊस आणणाऱ्या कारखान्याचा सभासद मार खातो. बिल कधी जमा झालं तेही नोंदवा. कायद्याने मुदत १४ दिवसांची आहे, पुढे १५% व्याज. पैसे रखडले की पुढच्या हंगामाचा ऊस शेजारी जातो आणि गाळपाचे दिवस घटतात.