‘विंग लोडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

वास्कोच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर ते लेख लिहीत आहेत आणि ‘लोडेड वेट’ व ‘विंग लोडिंग’ यांसाठी मराठी शब्द हवे आहेत. मसुद्यात त्यांनी दुसऱ्यासाठी ‘पंखांवर माल चढवणे’ असं लिहिलं आहे.

हे का झालं ते कळतं. मुरगाव बंदराच्या आसपास राहणाऱ्याच्या कानात लोडिंग म्हणजे जहाजात खनिज भरणं, हेच बसलेलं असतं. इथे मात्र लोडिंग ही क्रिया नव्हे, ते माप आहे. विमानाचं वजन पंखांच्या क्षेत्रफळाने भागलं की दर चौरस मीटरला जे येतं ते. मी त्याला ‘पंखभार’ म्हणेन. मराठीत वजन ‘चं’ असतं आणि भार ‘वर’ असतो: पिशवीचं वजन, पण करंगळीवर भार. पाच किलोंची तीच पिशवी खांद्याला लावली तर वजन तेवढंच राहतं, पण भार रुंद जागेवर वाटला जातो. पंखभारात नेमकं हेच मोजलेलं असतं.

आकड्यांत पाहा. १९४० साली ब्रिटनवर झालेल्या हवाई लढाईतलं ब्रिटिशांचं स्पिटफायर भरलेलं असताना सुमारे २,८०० किलो, जर्मनांचं मेसरश्मिट १०९ई सुमारे २,६०० किलो. म्हणजे जर्मन विमान हलकं. पण त्याचे पंख १६ चौरस मीटरच्या जरा वर आणि स्पिटफायरचे साडेबावीस. पंखभार काढला तर मेसरश्मिटचा १६०च्या आसपास, स्पिटफायरचा १२५. पंखभार कमी तेवढं विमान कमी जागेत वळू शकतं (इतर गोष्टी सारख्या असतील तर). ‘हलकं विमान चपळ’ एवढंच लिहिलंत तर इथे उलटा अर्थ जाईल.

‘लोडेड वेट’साठी ‘भरल्या विमानाचं वजन’ असं सरळ लिहावं. ‘भरीव वजन’ नको, कारण भरीव म्हणजे पोकळ नसलेलं. मांडवीतून जाणारी रिकामी बार्ज आणि काठापर्यंत पाण्यात बसलेली भरली बार्ज आपण एक समजत नाही, तसंच हे. जपानी झीरो रिकामं १,६८० किलो, भरलेलं २,४१०. मधले ७३० किलो म्हणजे वैमानिक, इंधन, तेल आणि दारूगोळा.

आता मसुद्यातली खरी अडचण. तुम्ही लिहिलंय, ‘स्पिटफायर २,८०० किलोंचं, मस्टँग ३,४६५ किलोंचं.’ यातला पहिला आकडा भरल्या विमानाचा, दुसरा रिकाम्याचा. अमेरिकनांचं मस्टँग पी-५१डी भरलेलं सुमारे ४,१७५ किलो होतं, आणि बाहेरच्या टाक्या वगैरे लावून ५,४०० किलोंच्याही पुढे जाई. शिवाय वैमानिकाच्या पाठीमागे ३२० लिटरची एक टाकी होती. ती भरलेली असली की गुरुत्वमध्य (विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा) मागे सरके आणि तंग वळणात विमान डगमगे, म्हणून वैमानिक वर गेल्यावर आधी तीच बरीचशी रिकामी करत. सकाळी इंग्लंडहून उडालेलं मस्टँग आणि दुपारी बर्लिनवर पोचलेलं मस्टँग, वळण्याच्या बाबतीत ही दोन वेगळी विमानं होती.

भरल्या-रिकाम्या विमानातला हा फरक दाबोळीलाही दिसे. तिथे २०१६पर्यंत नौदलाची सी हॅरियर लढाऊ विमानं होती. परतताना हलकी झाली की ती सरळ खाली उतरत, पण पुरा भार घेऊन सरळ वर उठणं त्यांना जमत नसे. युद्धनौकेवरून निघताना त्यांना धाव घ्यावी लागे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘भरल्या अवस्थेत स्पिटफायर सुमारे २,८०० किलो, मस्टँग सुमारे ४,१७५, पंखभार अनुक्रमे १२५ आणि १९०.’